डाव्या मागच्या चाकाची वायर

बेसिंगस्टोक
८ जून

प्रिय सुयश,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू दचकला असशील. मी तुला कधी पत्र लिहिलेलं नाही. खरं तर कुणालाच नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रिपोर्ट लिहिते तेवढंच. त्यामुळे हेही थोडं रिपोर्टसारखं होईल. पण क्षितिजच्या लॉरीतला तो पिवळा दिवा का लागत होता ते सापडलं आहे आणि ते मला तुला क्रमाने सांगायचं आहे. मधलं काही न गाळता वाच.

गेल्या रविवारी आईंशी बोलणं झालं. म्हणाल्या, सुयशने ब्रेक टेस्टिंगमधून बदली मागून घेतली, आता स्टोअर्समध्ये बसतो, गाडी चालवत नाही, चाकणला बसने जातो. त्यांना वाटतं तुझी पाठ दुखते. खरं कारण मला माहीत आहे. क्षितिज गेल्यावर नोव्हेंबरात तू इथे चार दिवस होतास तेव्हा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या मला म्हणाला होतास, "वहिनी, रस्ता ओला होता. दादाने ब्रेक दाबला असणार, चाकं जाम झाली असणार, तो घाबरला असणार, आणि मग..." लॉरी रस्ता सोडून सावकाश गवतावर गेली, कुंपणाच्या झुडपांना टेकून थांबली, दुसऱ्या कुणाला खरचटलंही नाही. शवविच्छेदनात हृदयविकार निघाला, म्हणून पोलिसांनी गाडी वरवरच तपासली. ब्रेक चालू स्थितीत, असं लिहिलं आणि खाली एक ओळ: एबीएसचा इशारा दिवा लागलेला, कारण समजले नाही. ती ओळ तू तीनदा वाचलीस. मी मोजत होते.

त्या दिव्याचा व्हिडिओ क्षितिजने तुला ऑक्टोबरात पाठवला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तू गेल्यावर आठवड्याने त्याच्या फोनमध्ये तुझा आवाज सापडला. "अरे दाद्या, सेन्सर असेल रे. वीस वर्षांची म्हातारी आहे ती, कुरकुरणारच. ब्रेक लागतायत ना? मग चालव, आणि सवडीने सेन्सर बदल." मी ते कितीदा ऐकलं ते सांगत नाही. त्यानंतर तुझे फोन मी उचलले नाहीत. तू पाच-सहा वेळा केलेस, मग थांबलास.

पोलिसांनी सोडल्यापासून लॉरी मार्चपर्यंत ज्या शेतकऱ्याच्या आवारात तो लावायचा तिथेच उभी होती. तुला आठवतं ना, सॉफ्टवेअर सोडून तो लॉरी चालवणार म्हणाला तेव्हा घरात केवढा गहजब झाला होता? तू एकटाच त्याच्या बाजूने होतास. आईंना तू सांगितलंस की दादा ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहे, आणि ते काही खोटं नव्हतं. नर्सरीची झाडं घेऊन तो पहाटे निघायचा आणि संध्याकाळी केसांत पानं अडकलेली घेऊन यायचा. बारा वर्षं ऑफिसात होता, तेव्हा घरी येऊन एवढं बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

लॉरी विकायची म्हणून मार्चमध्ये चालू करून बघितली. दिवा लागलेलाच. मग मनात आलं, लॅबमध्ये कुणी 'कारण समजले नाही' लिहून सही केली असती तर मी तो कागद परत पाठवला असता. इल्फर्डचे विनयकाका तुला भेटले होते, अंत्यसंस्काराला हिरवी टोपी घालून आलेले. बसच्या गॅरेजमध्ये त्यांची तीस वर्षं गेली. त्यांना फोन केला. मला गाड्यांतलं काही कळत नाही म्हटलं तर म्हणाले, "लोकांचं रक्त तपासतेस ना गं? मग वायर तपासायला काय होतंय? ओरडत तरी नाही ती."

एक दिवस काका ट्रेनने आले, डबा घेऊन. किल्ली फिरवून डॅशबोर्डवरचं एक बटण दाबून धरायचं, सोडलं की तोच दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, तो आकडा पुस्तकात बघायचा. मी दोनदा मोजलं, दोन्ही वेळा एकच आलं: डावं मागचं चाक, सेन्सरचा मार्ग. काका म्हणाले, "बघ, कुठं दुखतंय ते स्वतः सांगते. तुमच्या पेशंटांपेक्षा शहाणी आहे."

आता हे नीट वाच. त्या चाकाचा सेन्सर नवा होता. जुना दाराच्या कप्प्यात कागदात गुंडाळून ठेवला होता, वर क्षितिजच्या अक्षरात तारीख, २६ ऑक्टोबर. म्हणजे तुझा निरोप आल्यावर पाच दिवसांत त्याने तो बदलला होता. त्याने तुझं ऐकलं होतं, सुयश. तरी दिवा लागत होता. मीटर लावून बघितलं तर सेन्सर ठणठणीत. तेव्हा काका लॉरीखाली गेले आणि तिथून सेन्सरची वायर इंच इंच हलवत निघाले, मी मीटरवर नजर ठेवून. एका जागी आकडा गायब झाला. सोडली, परत आला. पुन्हा ओढली, पुन्हा गेला. तिथे वायर पट्टीवर घासून आतून तुटली होती. तिला धरून ठेवणारी क्लिप नव्हती. क्लिपच्या जागी काय होतं सांगू? नाडी. माझ्या परकराची नाडी, शरदातल्या पावसाने सैल पडलेली. काका खालून ओरडले, "वरदा, ही कुठल्या कंपनीची क्लिप गं?" मी तिथेच चिखलात बसले आणि हसू आवरेना. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा हसले. एवढा इंजिनियर माणूस, सेन्सर बदलताना क्लिप आधीच तुटलेली दिसली असणार, म्हणून बायकोच्या कपाटातली नाडी. विचारलं असतं तर दुसरी जुनी दिली असती.

वायर बदलली, क्लिप बसवली. काकांनी लॉरी आवारात चालवली, मी शेजारी बसले. थोडा वेग घेतला आणि दिवा गेला. परत लागला नाही. गेल्या महिन्यात वार्षिक तपासणीतही ती पास झाली.

पण तू म्हणशील, वायर तुटलेली म्हणजे त्या दिवशी चाकं जाम होऊ न देणारं एबीएस बंदच होतं, मग चाकं जाम झाली असतीलच. मीही तेच म्हटलं. म्हणून तिथे थांबले नाही. जुन्या लॉऱ्यांत एक कागदी चकती असते, तिच्यावर दिवसभराचा वेग बारीक सुईने आपोआप कोरला जातो. त्या दिवसाची चकती पोलिसांनी किल्ल्यांबरोबर पाकिटात परत दिली होती, मी ते उघडलंच नव्हतं. साहेबांची परवानगी काढून ती लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली धरली. आधी त्याच सकाळच्या रेषा बघितल्या. जिथे त्याने जोरात ब्रेक मारला होता तिथे रेषा सरळ खाली पडते, ते ओळखायला शिकले. मग शेवटची रेषा बघितली. ती पडत नाही, सुयश. ती तिरकी, सावकाश उतरत जाते. ॲक्सिलरेटरवरून त्याचा पायच सुटला होता. ब्रेक दाबलेला नाही. चाकं घसरायचा प्रश्नच आला नाही. आधी हृदय थांबलं, मग गाडी. काकांना दाखवली, त्यांच्या ओळखीचा एक जण अशा चकत्या वाचायचंच काम करतो, त्यालाही दाखवली. तिघांचं एकच मत. चकतीचा मोठा केलेला फोटो सोबत ठेवला आहे. तू स्वतः बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

लॉरी विकलेली नाही. नर्सरीवाल्यांनीच मागितली, जुलैपासून त्यांचा ड्रायव्हर ती चालवेल. ऋजुता बरी आहे, परीक्षा झाली. मी तिला सगळं सांगितलं तेव्हा आधी नाडीवर पोट धरून हसली. मग तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "काकाचा चूक नव्हता ना आई? मग सांग ना त्याला." मी म्हटलं, फोटो पाठवते. तर म्हणाली, "फोटो नको, तू बोल."

म्हणून आता ते लिहिते जे कुणाला सांगितलेलं नाही. त्या सकाळी बूट घालताना क्षितिज म्हणाला होता, छातीत जळजळतंय. मी, रोज हृदयाच्या पेशंटांचं रक्त तपासणारी, त्याला म्हटलं, काल रात्री भजी कुणी खाल्ली? आणि पित्ताची गोळी हातावर ठेवली. हसून, गोळी गिळून तो गेला. दिव्याचा दोष असता तर माझा नसता, म्हणून तुझा आवाज मी पुन्हा पुन्हा ऐकत होते आणि तुझे फोन उचलत नव्हते. सात महिने मी तुझ्यावर ते ठेवलं. मला माफ कर. चकती वाचली तेव्हा तू सुटलास आणि मी अडकले, तरी खरं सांगते, त्या दिवसापासून मला झोप लागते. आपण दोघांनीही त्याला घरातली माणसं सांगतात तेच सांगितलं होतं, काही नाही रे, जा. त्यात दोष नव्हता, हे मी तुला उद्देशून लिहू शकते, स्वतःला अजून म्हणता येत नाही. ते तू म्हणावंस, म्हणून हे पत्र. पोचलं की फोन कर. पहिल्या रिंगला उचलेन.

तुझीच,
वरदावहिनी