हमीचा कागद

चैत्र वद्य पंचमी, शके १८५६. बारामती.

मोटारस्टँडावर आज दत्तोबाचे बाक बसले. मुंबईच्या कारखान्यातून मागवलेले, आणि सोबत पाच वर्षांच्या हमीचा छापील कागद. आम्ही दोघं एकाच मेस्त्रीकडं रंधा मारायला शिकलो. माझे सागवानी बाक देवळापुढं दहा वर्षं उभे आहेत, पण माझ्याकडं कुणी कधी कागद मागितला का? आता मात्र नगरपालिकेचे तात्या तो कागद येईल त्याला दाखवतात.

मीही मागून घेतला. दोनदा वाचला. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, की बाक उन्हापावसात ठेवल्यास हमी रद्द. म्हणजे उघड्या स्टँडावर तो कागद कुचकामीच! मला इतका आनंद झाला, की थेट दत्तोबाचं दुकान गाठलं. लाज वाटायला हवी होती का?

"दत्तोबा, तुझी हमी उन्हात टिकत न्हाय."

"ठाव हाय," तो म्हणाला. "म्हणूनच तात्यांस्नी सांगितलं, वर छप्पर घाला. आन् छप्पर तुझ्याच हातचं पायजे, म्हणलं."

मी मान डोलावली. काम घेतलं. त्यानं माझ्याशी भांडायला हवं होतं.