सगळ्या गावांच्या वरची ओळ

प्रिय सिद्धोधन,

फोनवर तू दोन वाक्यांत कामावर घसरतोस, म्हणून लिहितेय. तरी तुझ्या आवडीची बातमी आधी देते, नाहीतर पुढचं वाचायचा नाहीस.

आपल्या मळणीयंत्रांच्या वेबसाइटची मी परवा पुरती वाट लावली. तू पुण्याला गेल्यापासून ती एकटीच सांभाळतेय. वेबसाइटवर प्रत्येक गावाचा पत्ता वेगळा, तो उघडला की पायथन कोडमधलं त्या गावाचं फंक्शन चालणार आणि तिथल्या मशीनवाल्यांची नावं दाखवणार, ही मांडणी तुझीच. आपल्याकडे नसलेलं गाव कुणी टाकलं तर ‘इथे मशीन नाही’ असं सांगणारं एक फंक्शन मी नव्यानं लिहिलं, आणि मोठ्या शहाणपणानं पत्त्यांच्या यादीत त्याची ओळ सगळ्या गावांच्या वर ठेवली. त्याला कुठलंही नाव चालतं, आणि शोध वरून खाली होतो. मग पहिलं तेच जुळणार! ऐन सोयाबीनच्या सुगीत झरी, चारठाणा, ताडकळस, कुठंच मशीन नाही. आमच्या झरीचे मशीनवाले माणिकराव फोनवर गरजले, “अगं बाई, मशीन माझ्या दारात उभी हाय, अन् तू न्हाई म्हणायलीस व्हय?” ती ओळ तळाशी नेली, तेव्हा कुठं गावं जागेवर आली. मी एकटीच हसत बसले, आणि तुला सांगायला मान वळवली तर शेजारी कुणी नाही. मग रडू आलं.

कॉलेजच्या लॅबमध्ये ही यादी करताना तू तुझं ताडकळस पहिलं लिहिलंस, म्हणून मी झरीसाठी केवढी भांडले होते! तेव्हापासून आवडतोस तू मला. आठवण रोज येते रे. आणि लग्नाचं विचारावं तर तुझं आपलं ‘बघू’. नोकरीचं विचारलं तरी बघू, तुझ्या-माझ्या घरच्यांचं विचारलं तरी बघू. मला तुझ्याकडून दुसरं काहीतरी ऐकायचंय.

रविवारी मला बघायला जिंतूरचे पाहुणे येणार होते. काल मी आईला तुझं नाव सांगितलं, तुझ्या घरच्यांचं, जातीचंही सगळं सांगितलं. तिनं निवडायला घेतलेली ज्वारी बाजूला ठेवली. मग म्हणाली, “पाहुण्यायला मी न्हाई म्हणून कळवते. पर त्या पोराला एकदा घरी जेवायला आण.” आणि तिनं खरंच कळवलं, सिद्धोधन, माझ्यासमोर. म्हणून हे पत्र. पुढच्या शनिवारी मी परभणीच्या स्टँडवर तुझी वाट बघत उभी असेन. आई स्वयंपाक करून ठेवणार आहे.

तुझीच,
राजेश्री