भिंतीपलीकडची झोप

४ नोव्हेंबर

पंखा बंद करावा लागला. पलीकडच्या ड्रायव्हरसाहेबांनी भिंतीवर थाप मारली — अशी, की देवाची तसबीर खिळ्यावर तिरकी झाली.

चूक आमचीच. ते रात्रीची बस चालवतात, सकाळी येऊन झोपतात. त्यांच्या उशाशी एका विटेची भिंत आणि भिंतीच्या अलीकडे आमचं लोखंडी कपाट. कपाटात थोरलीची टोमॅटोची रोपं. तिच्या विद्यापीठातली रोपांची खोली दुरुस्तीला काढली, म्हणून दिवे, ट्रे सगळं इथे आणून मांडलं आणि ती होस्टेलवर परत गेली. महिनाअखेरीस तिचे सर येऊन रोपं बघणार. तीन वर्षं खपून तयार केलेलं बी सगळं पेरून झालंय. आता हीच रोपं. गेली तर पोरगी पुन्हा पहिल्या पायरीवर.

आत दिव्यांची ऊब, मातीची ओल. पंखा नसेल तर बुरशी. पंखा असेल तर भिंतीवर थाप!

५ नोव्हेंबर

थोरलीला फोन केला. म्हणाली, "बाबा, आत हवा खेळती पाहिजे. पानं अगदी किंचित हलली पाहिजेत. तुम्ही घोरता तेव्हा मिशी हलते ना, तशी." बापाची थट्टा! पण शेवटी आवाज खाली आला. "बंद नका ना ठेवू."

७ नोव्हेंबर

विजेच्या सामानाच्या दुकानात पंखा दाखवला. दुकानदार हसायलाच लागला. "अहो, हा संडासात लावायचा पंखा! कपाटात कुणी बसवला?" मीच बसवला होता.

म्हणाला, लहान पंखा तेवढीच हवा ओढायला जिवाच्या आकांतानं फिरतो, म्हणून किंचाळतो. मोठा घ्या, रेग्युलेटर लावा, हळू फिरवा. आणि पत्र्यात स्क्रू मारू नका — सगळं कपाट वाजायला लागतं.

घरी येऊन तसंच केलं. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापल्या आणि नवा पंखा त्यांवर अधांतरी टांगला. कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं. बराच फरक पडला. तरी थोडी घरघर आहेच.

ही म्हणाली, "तुमच्या घोरण्यापेक्षा बरी. ते मी इतकी वर्षं ऐकतेय. मी मारली का कधी थाप?"

९ नोव्हेंबर

आज माझ्यातल्या बुकबाइंडरचं डोकं चाललं! पुठ्ठ्याची पेटी केली. आतून जाड लोकरी फेल्ट, मध्ये दोन आडव्या भिंती — हवा वळसे घेत बाहेर जाईल आणि आवाज वाटेतच फेल्टात जिरेल. कपाटाच्या माथ्यावर, पंख्यावर बसवली. कडा खळीनं पक्क्या केल्या, वरून कापड. शाळेच्या वाचनालयाची पुस्तकं शिवायची पडली आहेत. पडू देत.

कपाटाला खाली एक भोक होतं. त्यातूनही थोडी कुरकुर येत होती. तेही बुजवलं.

आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही. देवापुढे हात जोडले.

११ नोव्हेंबर

घात झाला. पुढच्या ट्रेमधली रोपं आडवी! देठ मातीपाशी काळे पडलेले, भिजलेल्या दोऱ्यासारखे.

उदबत्ती पेटवून आत धरली. धूर सरळ वर. हलेना. पंखा तर फिरतोय — पण हवा आत येणार कुठून? यायची वाट मीच बुजवलेली! फट दिसली की माझा हात आपोआप खळीकडे जातो. जन्मभर तेच केलं. पुस्तकाला श्वास लागत नाही. रोपाला लागतो, एवढं सुचू नये?

भोक उघडलं, शेजारी आणखी एक पाडलं. त्यांच्यावरही फेल्टची वळणाची पेटी बसवली, पण तोंड मोकळं ठेवून. पुन्हा उदबत्ती. धूर वाकला, पानांमधून वर चढला आणि पंख्याकडे ओढला गेला.

आडव्या रोपांचा ट्रे काढून टाकला. थोरलीला सांगायला हवं. तोंड नाही.

१२ नोव्हेंबर

सांगितलं. म्हणाली, "उरलीत ना? मग त्यांच्याकडे बघा."

१४ नोव्हेंबर

पानं हलतात, अगदी किंचित. कपाटाला कान लावला तरी आवाज नाही. खूश व्हायला हवं. पण मन ठिकाणावर नाही.

सकाळी जिन्यात ड्रायव्हरसाहेबांची बायको हिला भेटली. रडत होती. परवा साहेबांच्या बससमोर अचानक एक सायकलवाला आला. साहेबांनी ब्रेक दाबला, माणूस वाचला, पाय मोडला. चूक सायकलवाल्याची, असं सगळेच म्हणतात. साहेबांना कुणी बोल लावला नाही. कामावरही जातात. पण घरात बोलत नाहीत, जेवत नाहीत, झोपत नाहीत.

परवा! पंखा तोवर गप्प झाला होता खरा. पण आधी इतके दिवस तो त्यांच्या उशाशी किंचाळत होता. उडालेली झोप अशी दोन-तीन दिवसांत भरून निघते का?

हिला तसं म्हटलं. "उगाच अंगावर ओढून घेऊ नका," म्हणाली. पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

जपाला बसलो. प्रत्येक मण्याला सायकल.

१५ नोव्हेंबर

साहेब जिन्यात भेटले. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"काय हो बाइंडर, तुमचा तो पंखा चालू आहे का?"

म्हटलं, "आहे. पण अगदी हळू. अजून ऐकू येतो का?"

"नाही." एवढंच म्हणाले आणि कठड्याला धरून उभे राहिले. मला वाटलं, आणखी काही बोलतील. ते जिना चढून गेले.

थाप मारणारा माणूस नुसतं "नाही" म्हणतो, तेव्हा जास्त भीती वाटते. येत असणार ऐकू! झोपेला मुकलेल्या माणसाचे कान वेगळेच असतात. रेग्युलेटर आणखी खाली आणला.

१७ नोव्हेंबर

पानं हलत नाहीत. दारावर आतून थेंब. मातीवर पांढरं काहीतरी धरायला लागलंय. रेग्युलेटर वर करतो, भिंतीकडे बघतो, पुन्हा खाली आणतो.

ही म्हणाली, "पोरीनं तीन वर्षं घातली आहेत त्यात." मग भांडी पुसता पुसता तीच म्हणाली, "पण तो माणूस बसभर माणसं घेऊन जातो हो."

दोन्ही खरं. मी काय करू? देवाला विचारलं. देव काही रेग्युलेटरला हात लावत नाही.

१८ नोव्हेंबर

सकाळी साहेबांचं दार वाजलं तसा पंखा पूर्ण बंद केला. कपाटाचं दार उघडलं आणि पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो, आजाऱ्याला घालतात तसा. एका हातानं, मग दुसऱ्या. पुस्तकं तशीच.

थोरलीला कळलं, तिचा फोन आला. हिनंच सांगितलं असणार. "बाबा, पाया पडते, असं नका करू. किती दिवस घालणार वारा?"

"त्यांची झोप भरून निघेपर्यंत."

"आणि ती कधी निघणार?"

फोन ठेवला आणि पुन्हा पुठ्ठा उचलला. खांदे भरून आले आहेत. मधल्या ट्रेमध्ये दोन रोपांनी मान टाकली.

१९ नोव्हेंबर

साहेब ड्युटीवरून थेट आमच्या दारात. ही पाणी घेऊन आली, तर नको म्हणाले. मीच घाईघाईनं सांगितलं, "साहेब, कालपासून पंखा बंदच आहे. तुम्ही अगदी निवांत झोपा."

"म्हणूनच आलो," म्हणाले. "लावा तो. पहिल्यासारखा, मोठ्यानं. शांत झालं की मला ब्रेक ऐकू येतो."

फेल्टच्या पेट्या काढल्या. रेग्युलेटर शेवटपर्यंत फिरवला. मग मी एका बाजूनं, साहेबांनी दुसऱ्या बाजूनं धरलं आणि कपाट पुन्हा भिंतीला टेकवलं.