खलनायक निवडणुकीला उभा राहिला तेव्हा

बा, आज मी निवडून आले. आपल्या गावची सरपंच झाले. तहसील कार्यालयाच्या आवारात माझं नाव पुकारलं तेव्हा आपल्या टोलीची, नाल्याकाठच्या वस्तीची, पोरं गुलालाच्या थैल्या घेऊन तयारच होती. ढोल सुरू झाला, आणि त्या गलक्यात मागून एक म्हातारा ओरडला, "अरे, खलनायकाची पोट्टी जितली रे!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांना काय माहीत? तू गेलास तेव्हा यातली अर्धी जन्मलीही नव्हती. पण जी चार-पाच पिकली डोकी तिथे होती, ती सगळी हसली, आणि मीही हसले. घरी येऊन आंघोळ केली, केसांतला गुलाल निघता निघेना. तुझ्या जावयाने चहा करून दिला. (तू त्याला पाहिलंच नाहीस, चांगला माणूस आहे.) चहा पिता पिता वाटलं, ही बातमी सगळ्यांना कळली, तुलाच तेवढी सांगायची राहिली.

वर्षाचे आठ महिने तू आपल्या टोलीतल्या बाकी ढिवरांसारखाच होतास. पहाटे तलावात जाळं, दिवसभर दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत काम, संध्याकाळी पारावर. दिवाळी झाली की मात्र तुझी पत्र्याची पेटी निघायची आणि तू वडशाला जायचास, नाटक कंपनीत. होळीपर्यंत तू आमचा नसायचास. गावोगावच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या त्या जत्रांत, तुझे फोटो लागायचे, लाल डोळे आणि कानापर्यंत गेलेल्या मिशा. हिरो दर हंगामात बदलायचा, पण खलनायक तूच. तू सख्ख्या भावाला विहिरीत ढकलायचास, वहिनीला घराबाहेर काढायचास, आणि तंबूतल्या बाया तुला शिव्या घालायच्या. एकदा एका बाईने चप्पल फेकून मारली. ती चप्पल तू घरी आणलीस आणि आईला अशी दाखवलीस जशी लोकं पदक दाखवतात. आई म्हणाली, "जोड तरी आणाचा होता, घातली असती."

शाळेत मला एक पोरगी 'पाप्याची पोट्टी' म्हणाली म्हणून मी तिला बुक्क्या मारल्या होत्या. तुला कळलं तेव्हा तू चुलीजवळ जाळं विणत बसला होतास. हात न थांबवता विचारलंस, "काऊन मारलं तिले?" मी सांगितलं. तू म्हणालास, "मंग तं तिनं माह्या कामाची तारीफ केली. तारीफ करणाऱ्याले मारते का कोनी? उद्या जा, माफी मांग तिले." मी गेले आणि माफी मागितली. तीच पुढे माझी जिवाभावाची मैत्रीण झाली, आणि सगळी गोष्ट तिच्यामुळेच सुरू झाली.

टोली नाल्याच्या या अंगाला, गाव आणि मोठी शाळा त्या अंगाला. टोलीत चौथीपर्यंतच एक खोली. पुढे शिकायचं तर नाला ओलांडायचा. उन्हाळ्यात त्यात घोटाभर पाणीही नसतं, पण पावसाळ्यात तो छातीला लागतो. पोरांना आईबाप खांद्यावर नेत, पोरींना म्हणत, "पाणी उतरलं का पाहू." पाणी उतरेपर्यंत धानाची निंदणी आलेली असायची, मग कापणी, मग 'आता कुठी जातं'. अशा किती पोरी घरी बसल्या. मी सहावीत असताना श्रावणात आम्ही दोघी हात धरून पाण्यात उतरलो आणि मधोमध तिचा पाय सुटला. मी काठावर पोहोचून बोंब मारली. तू तलावावरून धावत आलास, कपड्यांसकट उडी मारलीस आणि खाली बाभळीच्या मुळांत अडकलेल्या तिला काढलंस. ती जगली. पण तिची आई तिला पोटाशी धरून म्हणाली, "झाली हिची शाळा." आणि खरंच झाली.

त्या दिवशी आपण जेवायला बसलो. भात आणि झिंग्यांचं कालवण होतं. तू हात धुतलास आणि म्हणालास, "मी उभा राह्यतो."

आईने वर पाहिलं. "कुठी?"

"निवडणुकीत. आपल्या वार्डातून."

आई कितीतरी वेळ हसत होती. मग तिच्या लक्षात आलं की तू हसत नाहीस. तेव्हा ती पदराने तोंड पुसून म्हणाली, "मंग पयले त्या मिशा काढा. पोट्टे भेतेत तुमाले, मत कोन देईन?"

तू खरंच काढल्यास. जिवापाड जपलेल्या मिशा काढून तू अंगणात आलास तेव्हा कुत्रं भुंकलं तुझ्यावर. चिन्ह मिळालं कपबशी. समोर होता गावातल्या एका ठेकेदाराचा भाचा, पांढऱ्या पँटचा, ज्याला टोलीची वाट निवडणुकीपुरती माहीत. त्याला प्रचार करायला काही शोधावं लागलं नाही. तो घरोघर एवढंच सांगायचा, "सख्ख्या भावाले इहिरीत ढकलनारा मानूस हाय. तुमाले सोडन का? त्याचं रडनंबी नाटक, हासनंबी नाटक." आणि लोक त्यावर हसत, पण विचारातही पडत. मला रडू यायचं. तू म्हणायचास, "त्यानं माहं नाटक पाह्यलं हाय म्हनजे."

बाजाराच्या दिवशी दुपारी पारापाशी सभा ठेवली होती. सगळी टोली आली होती, कारण ज्याच्या आवाजाने वडशाचे तंबू हलतात तो माणूस बोलणार म्हणजे मजाच. ठेकेदाराचा भाचा आधी बोलला. पूल, नळ, दिवे, सगळं दिलं त्याने, एका दमात, कुठेही न अडता. मग तू उभा राहिलास. मी सगळ्यात पुढे बसले होते. आजही तो क्षण आठवतो. तू उभा आहेस, धुतलेला सदरा, मिशा नसलेला उघडा ओठ, आणि तुझ्या तोंडातून शब्द निघत नाहीये. तू घसा खाकरलास. पाराकडे बघितलंस, मग पायाकडे. "मी..." म्हणालास आणि थांबलास. मागून कोणीतरी शिट्टी मारली. तू म्हणालास, "मले... बोलता येत नाई. लेहून देल्लेलं बोलता येते. पोरी शाळेत गेल्या पायजे. नाल्यावर रपटा पायजे, लहानसा पूल. बस." आणि खाली बसलास. हसण्याची एक लाटच आली. ठेकेदाराच्या भाच्याने टाळी वाजवली, "घ्या! डायलॉग इसरला!"

तेव्हा पारावरची म्हातारी उठली. तीच, जी दर हंगामानंतर तुला बघून थुंकायची आणि म्हणायची, पाप फेडशील मेल्या. तिला उठायला काठी लागत होती, त्यामुळे ती उभी होईपर्यंत सगळे आपोआप गप्प झाले. "मी याची सारी नाटकं पाह्यली," ती म्हणाली. "हा खोटं बोलते तवा एका जागी अटकत नाई. पान्यावानी बोलते. आज अटकला. म्हनजे खरं बोलून राह्यला." मग तिने काठी ठेकेदाराच्या भाच्याकडे वळवली. "आन् तू बापू, मगाशी एका जागी नाई अटकला."

बा, ते हसू पहिल्या हसण्यासारखं नव्हतं. मैत्रिणीची आई माझ्या मागे बसली होती, ती हसता हसता रडत होती.

थोडक्या मतांनी, पण तू निवडून आलास. मला वाटलं, आता आठ दिवसांत रपटा होईल. झाला नाही. दर मासिक सभेला तू जायचास, बाकीचे विषय ऐकायचास आणि शेवटी उठून एकच वाक्य म्हणायचास, नाल्यावर रपटा पायजे. तुला बघितलं की बाकीचे सदस्य म्हणायचे, "आला रपटा." तुझं नावच पडलं ते. शेवटी सरपंच वैतागून तुला वडशाला पंचायत समितीत घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी तुझ्याकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तुम्ही तेच ना, भावाला विहिरीत ढकलणारे?" तू हात जोडून म्हणालास, "हाव साहेब, मीच." साहेबांनी खुर्ची दिली, सगळं ऐकून घेतलं. तू घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा आई म्हणाली, "चला, ढकलल्याचा काईतरी फायदा झाला."

काम लागलं ते नेमकं दिवाळीनंतर, कंपनीच्या तालमी सुरू होताना. वडशाहून दोनदा निरोप आला. आईने सांगितलं, एक हंगाम सोडला तर जागा जाते, तुमच्या मागे पोरं टपून आहेत. तुला ते आईपेक्षा जास्त कळत होतं. तरी तू गेला नाहीस. सबंध हिवाळा नाल्याच्या काठावर बसून राहिलास, सिमेंट किती आणि वाळू किती ते बघत. कामावरचा मिस्त्री कुरकुरला की तू फक्त त्याच्याकडे बघायचास, तुझ्या नाटकातल्या नजरेने, आणि तो निमूट एक टोपलं सिमेंट वाढवायचा. तुझी जागा एका तरुण पोराला गेली. पुन्हा मिळाली नाही. पुढच्या वर्षी कंपनीने तुला हिरोचा म्हातारा बाप केलं. मंडईत आम्ही बघायला आलो होतो. तू स्टेजवर चांगलाच रडलास, पण कोणी शिवी दिली नाही, चप्पल फेकली नाही. परत येताना बैलबंडीत तू आधी गालावरचा रंग पुसलास. मग म्हणालास, "भल्या मानसाचं काम कठीन असते, बाई. त्यात करासारखं काईच नसते."

रपटा झाला त्याच पावसाळ्यात मी त्यावरून शाळेत गेले. पाणी खालून गर्जत जात होतं आणि माझ्या चपलासुद्धा भिजल्या नाहीत. माझ्या मैत्रिणीला मात्र दोन वर्षं गेली होती, ती परत शाळेत आली नाही, ते दुःख आहेच. पण तिची मुलगी आज त्याच रपट्यावरून सायकल काढते आणि वडशाच्या कॉलेजात जाते. आज गुलाल उधळणाऱ्यांत तीच सगळ्यात पुढे होती, आणि तिच्या आईने, माझ्या मैत्रिणीने, माझ्या तोंडात पेढा कोंबून कानात म्हटलं, "बुक्क्या मारनारी सरपंच झाली बाप्पा!"

लोक म्हणतात, तू पाच वर्षांत एकच काम केलंस. हो, एकच केलंस. मी आज प्रत्येकाला तेच छाती फुगवून सांगत होते.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे लिहायला घेतलं तेव्हाच माहीत होतं. घडी करून ठेवून देईन, नाहीतर सकाळी चुलीत जाईल. पुढच्या आठवड्यात पहिली सभा आहे. सगळे म्हणतात, बाई धीट आहे, कोणाचं ऐकत नाही, आणि मी मान डोलावते. घरातही तसंच दाखवते. फक्त तुला सांगते, दुसऱ्या कोणाला सांगू नको. बा, मले लय भेव लागून राह्यलं.