आलापल्लीहून आणलेली मोटार

बाबा, तुमच्या मोटारीबद्दल आमच्या कॉलनीत कोणीही तक्रार केली नव्हती. ते मी बनवून सांगितलं होतं. तुम्ही गेल्याला चाळीसहून अधिक वर्षं झाली, मीही शाळेतून निवृत्त होऊन म्हातारी झाले, आणि एवढं एक वाक्य लिहायला बसल्यापासून माझी सकाळची दुपार झाली.

आई गेली त्या हिवाळ्यात मी तुम्हाला न्यायला आलापल्लीला आले होते. बांगलादेशची लढाई होऊन वर्ष झालं होतं. मला वाटलं होतं, एक पेटी, एक वळकटी, एसटीने चंद्रपूर आणि तिथून गाडीने नागपूर. तुम्ही मात्र अंगणातल्या मोटारीकडे बोट दाखवलंत. फिरत्या दवाखान्याची ती मोटार तुम्ही नोकरीची शेवटची पंधरा वर्षं जंगलातल्या गावागावांतून चालवली होती. खात्याने ती मोडीत काढली तेव्हा लिलावात तुम्हीच घेतलीत. औषधांची कपाटं काढून आत बाज बसवली, स्टोव्हखाली पत्रा ठोकला. आईचा आरसा तिच्या उंचीवर लावला होता. त्यात बघायला मला वाकावं लागायचं.

"लेकीच्या घरात राह्यलो त लोकं हासतीन," तुम्ही म्हणालात. "मी माह्या घरात राहीन, तुह्या फाटकासमोर. भाकर तेवढी तुह्या हातची खाईन." गावातल्या मिस्त्रीने तुम्हाला बजावलं होतं की इंजन नागपूरपर्यंत जाईल, वापस येणार नाही. "वापस कोनाले याचं हाय?" असं म्हणून तुम्ही हसला होतात. आई गेल्यानंतर मी तुम्हाला पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

ते दोन दिवस मला अजून तसेच्या तसे दिसतात. मोटार जेमतेम सायकलच्या पुढे पळते आहे. दर तासाने रेडिएटर तापतो, मग कुठल्या तरी विहिरीजवळ थांबायचं, पाणी ओतायचं, वाट बघायची. तुम्ही स्टोव्ह पेटवून वांग्याची भाजी करता, तिखट इतकं की माझ्या डोळ्यांतून पाणी येतं, आणि तुम्ही विचारता, "काहून वं, शहरात तिखट खानं सोडलं काय?" वरोरा मागे टाकल्यावर रस्ता सरळ लागतो तेव्हा तुम्ही मला शेजारी ओढून स्टिअरिंग धरायला देता. बत्तीस वर्षांची, दोन मुलांची आई, हायस्कूलमध्ये मराठी शिकवणारी मी, लहान मुलीसारखी ओरडते. मी सुखात होते, बाबा. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं त्यामुळे जास्त वाईट आहे.

बुटीबोरीला आपण चहाला थांबलो. तेव्हा ते एवढंसं गाव होतं. नागपूर जवळ आलं तसं माझं लक्ष सारखं तुमच्या कपड्यांकडे जायला लागलं. मी म्हणाले, "बाबा, हा खाकी शर्ट बदला ना." तुम्ही कारण विचारलं नाहीत. मोटारीत गेलात आणि लग्नकार्याचा पांढरा शर्ट घालून आलात.

फाटकासमोर मोटार लागली आणि घरात सगळ्यांना आनंद झाला, एकटी मी सोडून. ह्यांना तर ती फार आवडली. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ते तुमच्याकडे येऊन बसत. मुलं दप्तर टाकली की आधी तुमच्या बाजेवर. समोरच्या घरातले पोस्टमास्तर संध्याकाळी तुमच्याशी जंगलातल्या गोष्टी काढत. पण मोटारीवरचं दवाखान्याचं लाल चिन्ह रंग देऊनही पुसट दिसायचं. शाळेतल्या एका बाईंनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या दारात दवाखान्याची गाडी उभी असते. घरात कोणी आजारी आहे का?" मी म्हणाले, "नाही, एका ओळखीच्यांची आहे." पुढच्या महिन्यात त्या सगळ्या आमच्याकडे हळदीकुंकवाला यायच्या होत्या.

त्याच संध्याकाळी मी तुम्हाला सांगितलं की कॉलनीतले लोक नाराज आहेत, पोस्टमास्तरांनीही नाक मुरडलं आहे, मोटार हलवावी लागेल. तुम्ही कांदा चिरत होता. "असं काय," एवढंच म्हणालात. मग चिरलेला कांदा पातेल्यात लोटून, "तुले तरास नको. इकून टाक."

ह्यांना मी सांगितलं की मोटार तुम्हालाच विकायची आहे, आणि गिऱ्हाईक मीच शोधलं. नागपूरला लागून असलेल्या वाडीला त्याची गोदामं होती आणि रखवालदाराला राहायला त्याला तयार खोली हवी होती. हे कामावर गेलेले असताना तो येऊन बैठकीत खुर्चीवर बसला, मी कपबशीतून चहा दिला. तुम्ही व्हरांड्यात उभे होता, अंगात पुन्हा तोच खाकी शर्ट. का घातला होतात? मोटार समजावून द्यायची म्हणून असेल. त्याने बाहेर बघून विचारलं, "मॅडम, हा कोन? ड्रायव्हर हाय का तुमचा?"

मी म्हणाले, "हो."

तुम्ही दारापासून चार हातांवर होता. तुमची मान जराशी हलली, मग तुम्ही त्याला म्हणालात, "चला साहेब, दाखवतो." अर्धा तास तुम्ही त्याला एकेक गोष्ट दाखवत होता. थंडीत हँडल किती वेळा मारायचं, डावं दार वर उचलून लावायचं, कुठला पत्रा पावसात गळतो. आईचा आरसा काढून तुम्ही गमछ्यात गुंडाळलात. मग फाटकात उभे राहून, त्या गिऱ्हाइकादेखत, तुम्ही मला विचारलंत, "बाईसाहेब, चाबी साहेबायले देऊ ना?"

मी मान हलवली. मला तिथेच बोलता आलं असतं. तो माणूस मोटारीत बसला, ती सुरू व्हायला वेळ लागला, तेवढ्या वेळातही बोलता आलं असतं.

आलेले पैसे मी तुमच्यापुढे धरले. तुम्ही म्हणालात, "राहू दे. आता तुह्या घरात राहून राहिलो मी." त्यानंतर दीड वर्ष तुम्ही आमच्या मागच्या खोलीत राहिलात. रोज सकाळी अंथरूण गुंडाळून दोरी बांधून दाराशी ठेवायचात, जणू त्या दिवशी निघायचंच आहे. माझ्या शाळेतलं कोणी आलं की मागच्या दाराने फिरायला जायचात. मी तुम्हाला कधी जा म्हटलं नाही. थांबाही म्हटलं नाही.

तुमच्या तेरवीला पोस्टमास्तर आले. पंगत उठल्यावर माझ्याजवळ बसून म्हणाले, "एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. मोटार विकायच्या आधी तुमचे वडील माझ्याकडे आले आणि हात जोडून उभे राहिले. म्हणाले, माह्या मोटारीचा तुमाले तरास झाला, माफ करा. मी म्हटलं, अहो, कसला त्रास? उलट ती आहे म्हणून संध्याकाळ बरी जाते. कोणी सांगितलं तुम्हाला? तर म्हणाले, कोनी नाही जी. माह्याच आयकन्यात चूक झाली असन."

म्हणजे गिऱ्हाईक घरी आलं त्या दिवशी तुम्हाला सगळं ठाऊक होतं. व्हरांड्यात उभे होता तेव्हा ठाऊक होतं, आणि चाबी विचारलीत तेव्हाही.

हा कागद मी कोणाला दाखवणार नाही, ह्यांनाही नाही. एकच लिहायचं राहिलं आहे. पोस्टमास्तरांचं बोलणं ऐकून मला रडू आलं, पण ते नंतर. आधी मी पंगतीच्या पलीकडे ह्यांच्याकडे पाहिलं आणि मला हायसं वाटलं, की तुम्ही ह्यांनाही काही सांगितलं नव्हतं.