लुर्देसच्या घरी काळं उतरवलं

योकोहामा
सोमवार

प्रिय दीप्ती,

प्रिय असं मी कधी कुणाला लिहिलेलं नाही. तुला आजवर चि. सौ. लिहायची. आता सौ. लिहिता येत नाही आणि नुसतं चि. लिहिलं की कागद उघडा दिसतो, म्हणून प्रिय. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, लावून लावून वाच. फोन केला असता, पण फोनवर मी काय करते ते तू पाहिलंसच. तू विचारलंस, आई, शाळेतल्या जगदीश सरांनी मागणी घातलीय, बाबा म्हणतात तुझ्या सासूबाईंचा शब्द आल्याशिवाय आपण हो म्हणायचं नाही की नाही म्हणायचं नाही, तर मी काय सांगू? मी म्हटलं बघू, आणि फोन ठेवला. तू परत विचारलं नाहीस. तुझं हे असंच, एकदा विचारायचं आणि मग गप्प बसायचं. कधी कधी राग येतो मला त्याचा.

मधे आम्ही इथे नव्हतो. ह्यांच्या सेवा क्लबची परिषद होती फिलिपिन्सला, सेबू म्हणून बेट आहे तिथे. कोबेला भूकंप झाला तेव्हा ह्यांच्या क्लबानं पांघरुणं गोळा केली होती, आणि सेबूच्या क्लबानं काय पाठवलं, तर खोकीच्या खोकी सुकवलेले आंबे. ज्यांची घरं पडली त्यांना आंबे! सगळे हसले होते, पण खोकी संपली. तेव्हापासून दोन्ही क्लबांचं मेतकूट. मला जायचं नव्हतं. हे म्हणाले, घरात बसून तरी काय करणार आहेस? बॅग भरली आणि गेले. विमानात खिडकीजवळ बसवलं तर खिडकीतून बघितलं, खायला दिलं तर खाल्लं. दात काढताना डॉक्टर हिरडीत सुई देतात ना, मग आपण आपलाच गाल चावतो तरी कळत नाही. माझा प्रसन्न गेल्यापासून माझं तसं चाललंय, फक्त गालापुरतं नाही.

तुला माहीत आहे, इथे कुणी कुणाला हात लावत नाही. तो ऑफिसात खुर्चीतच गेला तेव्हा त्याच्या ऑफिसची माणसं आली, सगळ्यांचे एकसारखे काळे सूट, सगळ्यांनी एकसारखं वाकून नमस्कार केला, पाकिटं ठेवली आणि गेली. चांगलीच माणसं. पण मला कुणी धरलं नाही आणि मीही कुणाला धरलं नाही. तुलाही नाही. नवरा नाही म्हणून तुझा इथला व्हिसा संपला, तुमची ग्योतोकूची भाड्याची खोली आपण दोघींनी रिकामी केली, कचऱ्याच्या पिशव्यासुद्धा जाळायच्या वेगळ्या, न जाळायच्या वेगळ्या अशा नीट करून ठेवल्या, आणि विमानतळावर तू वाकलीस, मी सुखी रहा म्हटलं, झालं.

तर सेबूला उतरलो आणि अंगावर माणसंच माणसं. गळ्यात मोगऱ्याचे हार घातले. अगदी आपलाच मोगरा, नाव तेवढं तिकडचं. बायका गळ्यात पडतात, दंड धरून चालतात, आणि भेटेल तो विचारतो, जेवलात का? सकाळी नऊला जेवलात का, चारला जेवलात का. पोरंटोरं येऊन माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावायची. पहिल्या वेळी मी हात ओढून घेतला, म्हटलं काय चाललंय. मग कळलं की हा वडीलधाऱ्यांना नमस्कार. मग देत बसले आशीर्वाद, मराठीतून. परिषदेत भाषणं झाली, मला एक अक्षर कळलं नाही. ह्यांच्या क्लबातल्या नोमुरासानची बायको किमोनो घालून चहाचा विधी करून दाखवणार होती, तर तिनं ठरवून टाकलं की दुर्गासान, म्हणजे मी, इंडियाचं काहीतरी दाखवतील. मी म्हटलं मला नाच येत नाही, गाणं येत नाही. शेवटी स्टेजवर बायकांना हळदीकुंकू लावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुंकवाला टाळ्या, सांग आता.

दुसऱ्या दिवशी प्रत्येक पाहुण्याला एकेका घरी जेवायला वाटून दिलं. आम्ही गेलो लुर्देसकडे. माझ्याच वयाची, माझ्याहून जाड, आणि आवाज असा की गल्लीच्या टोकापर्यंत जाईल. तिची सून नेनिता, काही वर्षं नागोयाला कारखान्यात होती, म्हणून तिला जपानी येतं. माझ्यासारखंच, भाजीवाल्याशी भांडण्यापुरतं. त्यामुळे आमची गाडी चालली. एक मराठी आणि एक फिलिपिनो, दोघी मोडक्या जपानीत, आणि आमचे हे इंग्रजी येत असून कोपऱ्यात गप्प.

अंगणात अख्खं डुक्कर भाजत होतं, केळीच्या पानात गुंडाळलेला नारळाचा भात, माशांच्या परातीच्या पराती, आणि ते टीव्हीला माइक लावून गायचं मशीन. मला वाटलं बारसं आहे नाहीतर लग्न. नेनिताला विचारलं, कुणाचं काय आहे? ती म्हणाली, माझ्या नवऱ्याचं वर्ष झालं. बोटीवर कामाला होता, तिकडेच गेला. म्हटलं, मग आम्हाला कशाला बोलावलंत आजच्या दिवशी? तिनं सासूला विचारलं आणि सासूचं उत्तर मला सांगितलं, आजच तर पाहुणे पाहिजेत. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्या अंगावर रंगीत कपडे, फक्त ह्या दोघींच्या छातीवर काळ्या कापडाचा एकेक तुकडा पिनेनं लावलेला. नखाएवढा. वर्षभर लावतात.

लुर्देसनं आदल्या दिवशीचं हळदीकुंकू बघितलं होतं. तिनं घरातल्या साऱ्या बायका बाकावर ओळीनं बसवल्या आणि मला म्हणाली, लाव. मी लावत गेले. म्हाताऱ्या, तरण्या, शेजारणी. शेवटी नेनिता. हळदीचं बोट टेकवलं, आणि कुंकवाला माझा हात थांबला. मी थांबवला नाही गं, तो थांबला. इतक्या वर्षांची सवय हाताला. नेनिता कपाळ पुढे करून बसलेली. तिनं डोळे उघडून विचारलं, संपलं का? करंड्यात कुंकू काठोकाठ होतं.

लुर्देसला वाटलं मी कशाची तरी वाट बघतेय. ती हसली, काहीतरी ओरडली, गाण्याचं मशीन बंद झालं. मग तिनं सगळ्यांसमोर नेनिताच्या छातीवरची पिन काढली. आणि लगेच आपली छाती पुढे केली, आणि नेनितानं तिची काढली. आपली आपण काढायची नसते, अशी त्यांची रीत. सुनेची सासूनं, सासूची सुनेनं. दोघी रडल्या थोड्या, नाकं पुसली, आणि लुर्देस सुनेच्या शेजारी बसून मला म्हणाली, आता दोघींना लाव. मी लावलं. तिच्या कपाळाला घाम होता, ते जरा ओघळलं. मला काय वाटलं विचारशील, तर काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू. ह्यांनी मात्र चष्मा काढून खिशात ठेवला आणि चष्मा नाही म्हणून चाचपडत बसले.

जेवताना एक माणूस आला, बंदरावर यंत्रं दुरुस्त करणारा. नखं काळी, शर्ट इस्त्रीचा. तो दारातच घुटमळला, तर लुर्देसनं हाताला धरून आणून बसवला आणि डुकराच्या कातडीचा सगळ्यात कुरकुरीत तुकडा, ज्याच्यावर पोरांची नजर होती तो, त्याच्या ताटात वाढला. नेनिता खाली बघत होती. मला कळायचं ते कळलं. मी तशी तोंडाची फटकळ. नेनितालाच म्हटलं, विचार तुझ्या सासूला, हिला हे बघवतं कसं? त्या पोरीनं विचारलंही, लाल होत. लुर्देस माझ्याकडे बघून म्हणाली, घरात जेवणारा एक कमी झाला, माझ्या हातून भात तेवढाच शिजतो. आणि माइक घेऊन गायला लागली. इतकी बेसूर की ह्यांनी परत चष्मा लावला, कोण रडतंय बघायला. मी भात दुसऱ्यांदा घेतला. निघताना तिनं डबे बांधून दिले, विमानात नेता येत नाहीत सांगितलं तरी ऐकेना.

आता तुझं. महिनाभर मी तुला उत्तर दिलं नाही, तुझ्या वडिलांना वाटलं असेल रागावलीय. रागावले नव्हते. मला वाटत होतं तू नाही म्हणावंस, आणि ते मी न सांगता म्हणावंस. कारण तू आहेस तशी राहिलीस तर जगात कुठेतरी प्रसन्नची बायको आहे, म्हणजे प्रसन्नही थोडा आहे, असं माझं चाललं होतं. तुला सव्विसावं आणि मी तुला त्याचा फोटो करून भिंतीला लावायला निघाले होते. ते काही खरं नाही. जगदीशना हो सांग. वडिलांना हे पत्र दाखव, नको त्या ओळी झाक. वर्षश्राद्ध आम्ही इथे करू, तू त्यासाठी थांबू नकोस, आणि तारीख धरली की कळव, आम्ही दोघं येऊ. लोक विचारतील तुम्ही कोण, तर बघेन काय सांगायचं ते. एकच मागणं आहे. मला आई म्हणायचं सोडू नकोस. तिकडे दुसऱ्या आई असतील, दोघींना एकच हाक कशी मारायची असं वाटलं तर सोड, माझं काही म्हणणं नाही. नको सोडूस. आता हे पेटीत टाकून येते, घरात राहिलं तर फाडीन.

तुझीच,
आई