मी फक्त लवकी प्यालो

दिग्रस, ता. २८ ऑगस्ट २००७

प्रिय नागोराव भाऊ यांस,

दिग्रसहून जहीर मिस्त्रीचा सलाम आणि जयभीम. मथुरावहिनींचे गुडघे या ओल्या हवेत कसे आहेत ते अवश्य कळवावे. तुमच्या तब्येतीची चौकशी करत नाही, कारण ती ठणठणीतच असणार. शाळेत असल्यापासून तुम्ही कोणाचे ऐकून काही प्यालेले मला आठवत नाही.

एक ग्लास लवकीचा (पुस्तकातल्या दुधी भोपळ्याचा) रस मला केवढ्याला पडला, ते आधी सांगतो. लवकी घरची, पाणी नळाचे, पिळायला आमच्या बायकोची, सुग्राबीची, जुनी ओढणी. म्हणजे फुकटच म्हणा. पण त्यापायी माझा धडका सदरा कात्रीने फाडला गेला, ओरडून ओरडून सुग्राबीचा आवाज बसला, पोलिसांच्या कागदावर माझे नाव चढले, आणि ईदनंतर ठरलेले आमच्या नाझियाचे लग्न अधांतरी लटकले. तुमचे शेजारी तारिकसेठ, आमचे होणारे व्याही, यांचा निरोप आला आहे की तारखेचे सावकाश बघू. भाऊ, मुलीच्या बापाने ‘सावकाश’ हा शब्द ऐकला की तो अंगणात किती येरझारा घालतो, ते तुम्हाला दोन मुली उजवल्यावर सांगायला नको.

तर झाले असे. मोरीत मुंग्या लागायला लागल्या तेव्हाच मला शंका आली होती. रक्त तपासले, साखर निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, ती मी खिशात ठेवली आणि गावाचे ऐकायला लागलो. (माझे कान तुम्हाला ठाऊक आहेत. रस्त्याने जाणाऱ्या मोटरसायकलचे कोणते बेअरिंग गेले ते मी दुकानात बसून सांगतो, आणि घरात कोणी हळूच साखरेचा डबा उघडला तर अंगणात मला कळते. या घरात माझ्या कानाआड काही होत नाही.) एकाने कारले सांगितले, दुसऱ्याने जांभळाच्या बियांची पूड, तिसऱ्याने कडुनिंबाचा कोवळा पाला. मी कोणाचे मन मोडले नाही. सगळे घेतले. त्यातून माझा एक नियम तयार झाला, की जेवढे कडू तेवढे साखरेला भारी. हा नियम कोणी शिकवला नव्हता. सायकलची पंक्चर काढता काढता पंपाचा मिस्त्री झालेला माणूस मी, आजवर सगळे स्वतःच शिकलो, तसा हाही स्वतःच शिकलो.

आमच्या मोरीच्या पाण्यावर यंदा लवकीचा एक वेल आपोआप उगवला. बी कोणी लावले नाही, कुठून आले ठाऊक नाही, पण पत्र्यावर चढून त्याने अशा लवक्या धरल्या की शेजारणी दृष्ट लावून जात. आता सुग्राबीची एक पद्धत आहे. लवकी चिरायच्या आधी ती एक चकती कापते, जिभेच्या टोकाला लावते, आणि कडू लागली की थुंकून, चूळ भरून, अख्खी लवकी उकिरड्यावर नेऊन टाकते. शेळीलासुद्धा घालत नाही. तिची आई तसेच करायची, मथुरावहिनीही करत असतील. मी मात्र याला बायकांचा चोचलेपणा म्हणायचो.

त्या दिवशी सकाळी सुग्राबी नळावर गेली होती. मी लवकी किसली, पिळली आणि घोट घेतला. भाऊ, जीभ जागच्या जागी गोळा झाली! कारले तिच्यापुढे जिलेबी. कोणीही शहाणा माणूस तिथेच थुंकला असता. मी खूश झालो. म्हटले, इतके दिवस शोधत होतो ते हेच, आता साखरेची खैर नाही. नाक दाबून ग्लास रिकामा केला, कामाचा सदरा घातला आणि दुकानात जाऊन देवसिंगचा फवारणीचा पंप खोलून बसलो.

थोड्याच वेळात पोटात अशी कळ उठली की पाना हातातून पडला. मग उलटी, मग जुलाब, आणि मग उलटीत रक्त. समोरचा चहावाला खेमसिंग धावत आला. त्याला काय दिसले ते ध्यानात घ्या. मिस्त्री जमिनीवर तडफडतो आहे, शेजारी पंप उघडा आहे, डबडे लवंडले आहे, आणि सदऱ्याला कपाशीच्या विषाचा भपका येतो आहे. (तो भपका माझ्या सदऱ्याला वर्षभर येतो. धंदाच तसा आहे.) एवढ्यावरून त्याने जे ठरवले ते हल्ली आपल्या जिल्ह्यात कोणीही ठरवले असते.

दवाखान्यात नेल्या नेल्या सदरा फाडून नाकातून नळी घातली. मला बोलता येईना. घरातला चोथा पाहिलेली सुग्राबी धावत आली आणि ओरडायला लागली, “त्यायनं लवकी पेली हो बाई, लवकी!” नर्सबाई तिच्या पाठीवरून हात फिरवून म्हणते, “मावशी, लपवू नका. लपवलं की केस बिघडते.” ती जेवढी ओरडे तेवढी सगळ्यांना तिची कीव येई. पोलीस जमादार आले. त्यांनी विचारले, “काय पेलं?” ही म्हणाली, “लवकी.” त्यांनी मान न उचलता पुढचा प्रश्न टाकला, “कोणत्या कंपनीचं?” (त्यांचाही दोष नाही. दर हंगामात दुकानात इतकी नवी नावे येतात की मीसुद्धा चुकतो.)

पुढचे मी डोळे मिटून ऐकले, आणि भाऊ, एवढा धक्का मला त्या लवकीनेही दिला नव्हता. खेमसिंग सांगत होता, “पंधरा दिवसापासून तोंड वाकडं करून बसत होता. मले तवाच समजलं होतं.” (अरे बाबा, कडुनिंब चघळून तुझे तोंड सरळ राहते का ते बघ!) देवसिंगला काळजी वेगळी. “माहा पंप खोललेला पडून हाय. आता जोडून कोण देईन?” मग पांढऱ्या कपड्यातला एक गृहस्थ आला, त्याला मी ओळखत नाही. त्याने खाली आवाजात विचारले, “सातबारा हाय का नावावर?” खेमसिंग म्हणाला, “नाही जी, दुकान हाय, तेही भाड्याचं.” त्यावर तो म्हणाला, “मंग अपात्र,” आणि निघून गेला. आत्महत्येची सरकारी मदत कोणाला द्यायची नाही ते मी जिवंत असतानाच ठरून गेले. शेजारच्या खाटेवर कपाशी फवारताना भोवळ येऊन पडलेला एक तरणा पोरगा होता. तोंडाला रुमालसुद्धा न बांधता फवारत होता म्हणे. त्याच्याकडे मात्र कोणी आले नाही.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी वाकून माझ्या तोंडाचा वास घेतला आणि म्हणाल्या, “वास सदऱ्याला होता, तोंडाला नाही. तुम्ही खरंच काय घेतलं?” मी सांगितले. त्यांनी एकच विचारले, “कडू होती?” मी मान डोलावली. मग त्यांनी मला लहान पोरासारखे झापले. कारल्याचा कडूपणा हा त्याचा स्वभाव आहे, लवकीचा कडूपणा हे विष आहे, तिच्यापायी माणसे दगावली आहेत, आणि औषध म्हणून काही पिळून प्यायचे तर आधी विचारायचे. मला लगेच पटले. मोटर गुणगुणते ते ठीक, पण मुकाट चालणारा पंखा गुणगुणायला लागला तर मी बटण बंद करतो. लवकी गुणगुणली आणि मी बटण दाबून धरले.

आता गोळी वेळेवर घेतो. लहानांना आशीर्वाद, वहिनींना सलाम.

तुमचा,
जहीर

ता. क. खरे काम पुढे आहे. एसटीच्या कंडक्टरजवळ त्याच वेलाची एक लवकी पाठवतो आहे. ती घेऊन तारिकसेठकडे जा. त्यांच्या कानावर गेले आहे की व्याह्याने जीव द्यायला विष घेतले, म्हणजे नक्की डोक्यावर कर्जाचा बोजा असणार. त्यांना एक चकती जिभेच्या टोकाला लावायला सांगा. गिळू देऊ नका, लगेच थुंकून चूळ भरायला लावा. माझी बाजू त्यांना एका क्षणात कळेल. हात जोडतो भाऊ, पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे.

आणखी ता. क. जाऊ नका. लवकी पाठवत नाही. पाकीट चिकटवायला नाझियाला दिले, तर ती वाचून पोट धरून हसत बसली. होणाऱ्या जावयाला, आसिमला, लवकीची हकिकत त्याच संध्याकाळी कळली होती आणि त्याने ती बापाला सांगितलीही होती. तारीख पुढे गेली ती त्यांच्या घराचा स्लॅब टाकायचा राहिला म्हणून. दुकानाचा मोबाइल रात्री चार्जिंगला नाझियाजवळ असतो. मंगनी झाल्यापासून ती दोघे त्यावर रोज बोलतात. तिच्या आणि माझ्या खाटेमध्ये फक्त एक पत्रा आहे, आणि या कानांना ते आज कळले.